न पडलेलं वलय

चंद्रपूरला आमची आरामशीन होती. बल्लारपूरच्या डेपोत लिलावात घेतलेलं सागाचं गोल लाकूड ट्रकमधून उतरलं, की बाबा आधी त्याच्या कापलेल्या तोंडावर तांब्याभर पाणी मारायचे. ओल्या लाकडावर वलयं उठून दिसतात. मग मला हाक यायची. 'सालीपासून साल मोजायचं,' हा त्यांचा मंत्र होता. बाहेरची साल म्हणजे झाड तोडलं ते वर्ष. तिथून एकेक वलय आत सरकायचं, एकेक वर्ष मागं जायचं. १९४४च्या वलयाशी पोचलं की बाबा तिथं टाचणी टोचायचे आणि म्हणायचे, 'हे पाय, हे माह्यं साल.'

बाबांचा जन्म एप्रिल १९४४चा. शाळेच्या दाखल्यावरच्या तारखेपेक्षा त्यांचा त्या टाचणीवर जास्त विश्वास असावा.

सागाची वलयं वाचायला तशी सोपी. हिवाळ्यात पानं गळतात, झाड थांबतं. नवी वाढ सुरू झाली की मोठ्या छिद्रांची एक ओळ उमटते आणि तिथं नवं वर्ष लागतं. पाऊस चांगला झाला असेल तर वलय रुंद, दुष्काळात दोऱ्यासारखं बारीक. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या याच वलयांवरून जुन्या काळच्या पावसाचा माग काढतात, हे मला फार उशिरा कळलं. बाबांना कळलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. 'झाड खोटं कायले बोलन?' एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी एक गोष्ट गृहीत धरून चालले होते. झाड उभं आहे ना, मग वलय पडणारच. बारीक पडेल, वेडंवाकडं पडेल, पण वर्ष गेलं आणि झाडानं ते लिहिलंच नाही, असं होणार नाही.

गेल्या जूनमध्ये लेकीकडे नॉर्वेत गेले होते. ती ट्रॉम्सोच्या विद्यापीठात शिकते. पहिल्याच आठवड्यात, रात्री अकरा वाजता खिडकीतून ऊन आत येत असताना, ती म्हणाली, 'आई, तुला एक जंगल दाखवायचंय. तिथल्या कितीतरी झाडांमध्ये १९४५ सालच नाहीये.'

ते जंगल आल्टाजवळच्या कोफियोर्डच्या काठावर आहे. फियोर्ड म्हणजे डोंगरांच्या भिंतींमध्ये लांबवर आत शिरलेला समुद्र. ट्रॉम्सोहून तिथं जायला जवळजवळ दिवस लागला. रस्ता पाण्याला चिकटून जातो आणि काठाच्या उतारावर पाइनची झाडं. आपल्या सागाच्या मानानं अंगानं किरकोळ. इतक्या उत्तरेला पाइनला वाढायला मिळतातच किती दिवस! खाली पाणी एकदम शांत होतं. फियोर्डच्या तोंडाकडे बघितलं तर लक्षात येतं, की लपायला याहून चांगली जागा सापडणं कठीण.

इथं 'टिर्पिट्झ' लपली होती.

हिटलरच्या आरमारातली ही सर्वांत मोठी युद्धनौका. बुडालेल्या 'बिस्मार्क'ची बहीण. १ एप्रिल १९३९ रोजी विल्हेल्म्सहाफेनला तिचं जलावतरण झालं तेव्हा हिटलर स्वतः हजर होता. लांबी अडीचशे मीटर, ३८ सेंटिमीटर तोंडाच्या आठ तोफा, वर अडीच हजारांच्या आसपास माणसं. अशी नौका दिसावी म्हणून बांधतात. तिचं सगळं आयुष्य मात्र न दिसण्यात गेलं. जानेवारी १९४२मध्ये ती नॉर्वेत आली आणि पुढची जवळपास तीन वर्षं या ना त्या फियोर्डच्या कुशीत, पाणतीरांना अडवणाऱ्या जाळ्यांच्या आड नांगर टाकून राहिली. आजूबाजूची मोठी जहाजं बुडत गेली, तसं तिला नाव पडलं, उत्तरेची एकाकी राणी.

तिच्या मोठ्या तोफा शत्रूच्या किनाऱ्यावर फक्त एकदा धडाडल्या, सप्टेंबर १९४३मध्ये, उत्तर ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गन बेटावर. पण ती नुसती तिथं आहे, एवढ्यानंच माणसं मेली. जुलै १९४२मध्ये रशियाकडे लढाईचं सामान घेऊन निघालेला पीक्यू-१७ हा ३५ मालवाहू जहाजांचा तांडा बॅरेंट्स समुद्रात होता. टिर्पिट्झ बाहेर पडणार, या धास्तीनं ४ जुलैच्या रात्री लंडनहून हुकूम सुटला, तांडा फोडा, पांगा. संरक्षणाच्या युद्धनौका निघून गेल्या. एकटी पडलेली जहाजं जर्मन विमानांनी आणि पाणबुड्यांनी टिपली. २४ बुडाली. १५३ खलाशी गेले, चारशेहून जास्त रणगाडे आणि दोनशेहून जास्त विमानं समुद्राच्या तळाशी गेली. आणि टिर्पिट्झ? ती दुसऱ्या दिवशी बाहेर पडली आणि त्याच संध्याकाळी परत फिरली. तिला एकही गोळा झाडावा लागला नाही.

म्हणून चर्चिलना ती नौका इतकी खुपत होती. तिला उघड्या समुद्रात गाठता येत नव्हतं, म्हणजे ती लपली होती तिथंच जाऊन मारायची. २२ सप्टेंबर १९४३ रोजी ब्रिटिशांच्या चिमुकल्या पाणबुड्या याच कोफियोर्डमध्ये शिरल्या. जाळ्यांखालून सरपटत त्यांनी नौकेच्या पोटाखाली सुरुंग ठेवले. सहा महिने टिर्पिट्झ जागची हलू शकली नाही. दुरुस्ती उरकत आली तोच ३ एप्रिल १९४४च्या सकाळी विमानवाहू नौकांवरून उडालेली बॅराकुडा विमानं डोंगरांवरून खाली कोसळली. धूर नुकता सुटायला लागला होता, तो नौकेवर पसरायच्या आत बाँब पडले. नौकेवरची १२० हून जास्त माणसं मेली.

धूर. लेक मला जे दाखवायला घेऊन आली होती, ते इथं सुरू होतं.

फियोर्डच्या काठाकाठानं जर्मनांनी धूर सोडणारी यंत्रं मांडली होती. त्यात क्लोरोसल्फ्युरिक आम्ल असायचं. ते हवेतल्या ओलाव्याला भिडलं की दाट पांढरा ढग तयार होतो. म्हणायला धूर, खरं तर आम्लाच्या बारीक थेंबांचं धुकं. विमानं येताहेत अशी वर्दी मिळाली की काही मिनिटांत सगळा फियोर्ड त्यानं भरून जायचा. दोन्ही बाजूंना डोंगर, मग ते धुकं हलणार कुठं? वरून बघणाऱ्या वैमानिकाला खाली फक्त कापूस दिसायचा. एप्रिलनंतर जर्मन जास्त सावध झाले. जुलै आणि ऑगस्टमध्ये विमानं पुन्हापुन्हा आली आणि पुन्हापुन्हा हात हलवत परत गेली. २४ ऑगस्टला एक मोठा बाँब चिलखती डेक फोडून आत शिरला, पण फुटलाच नाही. नौका वाचली. धुरानं आपलं काम चोख केलं.

आणि त्या कापसाच्या खाली झाडं उभी होती.

पाइनची सुई म्हणजे त्याचं पान. आपल्याकडचा साग दरवर्षी पानं टाकतो आणि दरवर्षी नवी काढतो. एक हंगाम बुडाला तर पुढच्या वर्षी पालवी आहेच. पाइनचं तसं नाही. एकदा आलेली सुई त्याला कित्येक वर्षं पुरवायची असते. थंडीत उन्हाचे दिवस थोडे, दरसाल सगळा पानोळा नव्यानं उभा करणं त्याला परवडत नाही. आम्लानं त्या सुया जाळल्या, म्हणजे झाडाची कित्येक वर्षांची शिदोरी एकदम गेली. अन्न तयार करणारं काही अंगावर उरलं नाही. झाड मेलं नाही, पण वाढायचं थांबलं.

हे कुणाला कळायला सत्तर वर्षं जावी लागली. जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठाच्या क्लाउडिआ हार्टल विद्यार्थ्यांना घेऊन इथं आल्या होत्या, त्या जुन्या हवामानाचा अभ्यास करायला. झाडाला इजा न करता पोकळ गिरमिटानं पेन्सिलीएवढी लाकडी कांडी बाहेर काढतात आणि तिच्यावर वलयं मोजतात. मोजणी जुळेना. झाडांत १९४५चं वलय सापडत नव्हतं. किडीनं पानं खाल्ली असतील, असा पहिला संशय आला. मग कुणीतरी त्या सालाचा आणि टिर्पिट्झचा संबंध लावला. त्या पुन्हा आल्या आणि नौकेच्या नांगराजवळून लांबलांब जात झाडांचे नमुने घेतले. नौकेजवळच्या निम्म्याहून जास्त झाडांत १९४५ नव्हतं. एका झाडानं तर सलग नऊ वर्षं वलय धरलं नव्हतं, आणि त्याची वाढ ताळ्यावर यायला तीस वर्षं लागली. नौकेपासून जसजसं लांब जावं तसतसा घाव सौम्य होत गेलेला. २०१८मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं.

लेक हे सगळं सांगत होती आणि मी एका झाडाला हात लावून उभी होते. खोड कोरडं, खपल्याखपल्यांचं. वरून काहीच कळत नाही. त्यातली वर्षं सगळी आतच. मला एकदम बाबांच्या टाचणीची आठवण झाली. ते पाळण्यातून उठून चालायला शिकले ते साल या झाडांनी धरलंच नाही. सालीपासून साल मोजत आत गेलं तर १९४६ किंवा १९५० नंतर एकदम १९४४ लागणार, आणि मधली वर्षं कुठं गेली हे लाकडाला विचारून उत्तर मिळणार नाही. लाकडात ती जागासुद्धा रिकामी राहत नाही. दोन वलयं एकमेकांना चिकटून बसतात.

शत्रूनं नव्हे, नौकेला जपणाऱ्यांनी हे केलं, हे मला तिथं उभं राहून सोसेना. बाँब डोंगरावर पडला तर खड्डा पडतो, तो दिसतो, त्याचा हिशेब मागता येतो. पण जपण्यासाठी सोडलेल्या धुराचा हिशेब कुठल्या सैन्यानं ठेवला असता? १९४४च्या शरद ऋतूत तर इथं माणसांचाच हिशेब राहिला नव्हता. रशियन सैन्य पुढं सरकत होतं, म्हणून माघार घेणाऱ्या जर्मनांनी हा सगळा फिनमार्क प्रांत जाळत नेला. आल्टाची घरं, धक्के, विजेचे खांब. पन्नास हजारांच्या आसपास माणसांना घराबाहेर काढून दक्षिणेला हाकललं. कोफियोर्डचं १८३७ सालचं लाकडी चर्च तेवढं वाचलं. ते अजून तसंच उभं आहे, साधं, छोटं. पायऱ्यांवर आम्ही घरून आणलेले पराठे खाल्ले. समोर पाणी. तिथंच ती नौका होती.

ती शेवटी मेली ती इथं नव्हे, ट्रॉम्सोजवळ. आणि तिथं धूर नव्हता.

१५ सप्टेंबर १९४४ रोजी रशियातल्या अर्खांगेल्स्कजवळच्या यागोदनिक धावपट्टीवरून ब्रिटिशांची लँकेस्टर बाँबफेकी विमानं उडाली. त्यांच्या पोटाखाली बार्न्स वॉलिस या इंजिनिअरनं घडवलेला टॉलबॉय बाँब होता. वजन ५,४०० किलो, लांबी सहा मीटरच्या वर. शेपटीचे पंख किंचित तिरपे बसवलेले, म्हणजे पडताना तो भोवऱ्यासारखा फिरायचा आणि वाट सोडायचा नाही. उंचावरून टाकला की जमिनीला टेकेपर्यंत त्याचा वेग आवाजाच्याही पुढं गेलेला असे. त्या दिवशीही धूर पसरला, पण एक टॉलबॉय नौकेच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लागलाच. पुढचा सगळा भाग पाण्यानं भरला. दुरुस्तीला नऊ महिने लागतील असा अंदाज निघाला आणि जर्मनांनी ठरवलं, आता ही समुद्रात जाणार नाही. तिला ओढत-ढकलत ट्रॉम्सोला आणली, होकोया बेटाजवळ, पाण्यावर तरंगणारी तोफांची माची म्हणून. पाणी उथळ होतं, तरी नौकेखालचा खळगा दगडमातीनं भरायला घेतला, म्हणजे बाँब लागला तरी ती बुडू नये, टेकून राहावी.

या हलवण्यानं एक झालं. स्कॉटलंडहून निघालेल्या लँकेस्टर विमानांना आता ती गाठता येऊ लागली, जेमतेम. विमानांच्या पाठीवरचा तोफबुरुज काढून टाकला, जास्तीच्या टाक्या बसवल्या, तेव्हा कुठं जाऊन-येऊन साधारण साडेतीन हजार किलोमीटरांचा पल्ला जमला. २९ ऑक्टोबरला ती आली, पण ऐन वेळी ढगानं नौका झाकली. १२ नोव्हेंबरला, रविवारी, आभाळ लख्ख होतं.

होकोयाला आम्ही शेवटच्या दिवशी गेलो. पूल ओलांडला की बेट. काठावर गवत, पाणी भरलेले गोल खड्डे. मला वाटलं गुरांच्या पाण्यासाठी खणलेत. ते टॉलबॉयचे. चुकून किनाऱ्यावर पडलेले. एकाच्या काठावर लहानशी पिवळी फुलं होती. स्मारकाचा दगड आहे, फार मोठा नाही. तिथं वाचण्यासारखं थोडंच आहे, पण पाण्याकडे बघत उभं राहिलं की बाकीचं आठवत जातं.

ब्रिटिश हवाई दलाच्या नऊ आणि ६१७ या दोन स्क्वाड्रनची विमानं, पुढे विंग कमांडर टेट. रात्री तीनच्या सुमारास स्कॉटलंडहून निघालेली, समुद्रावर खालून, रडारला चुकवत, मग स्वीडनवरून वळसा घालून मागच्या बाजूनं. नौकेला ती लांबूनच दिसली. ज्या ३८ सेंटिमीटरच्या तोफांनी जहाजं फोडायची, त्या तोफा आता आभाळात डागल्या. धुराची यंत्रं ट्रॉम्सोला आणली होती, पण ती सज्ज नव्हती. बार्डुफॉसच्या धावपट्टीवर जर्मन लढाऊ विमानं होती, ती वेळेवर आलीच नाहीत. नऊ एकेचाळीसला पहिला बाँब सुटला. दोन टॉलबॉय थेट लागले, काही अगदी कडेला पडून फुटले. भरावाची दगडमाती उडाली. दहा मिनिटांच्या आत नौका डावीकडे कलत गेली. मागच्या बुरुजाचं दारूगोळ्याचं कोठार फुटलं, शेकडो टनांचा तोफबुरुज हवेत उडाला, आणि ती उलटी झाली. उथळ पाण्यात तळ वर करून पडली. पाठीवर चालता येईल असं लोखंडी कासव.

हल्ला करणाऱ्यांपैकी एकही माणूस मेला नाही. नौकेवर किती मेली याचे आकडे ९४० ते १,२०४ असे वेगवेगळे आहेत.

आणि आत माणसं जिवंत होती. उलट्या झालेल्या खोल्यांत, जमिनीच्या जागी छत, गुडघाभर तेलकट पाणी, काळोख. ती तळावर ठोकत होती. बाहेरची माणसं तळावर कान लावून आवाज कुठून येतो ते शोधत आणि तिथं लोखंड कापत. ऐंशीहून जास्त जण अशा भोकांतून बाहेर निघाले. बाकीच्यांचं ठोकणं हळूहळू थांबलं. आत अडकलेली माणसं गात होती, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

मी त्या काठावर बराच वेळ होते. माझ्या मनात गोंधळ नव्हता. ती नौका बुडायलाच हवी होती. तिच्यावरचा झेंडा कशासाठी फडकत होता हे माहीत असताना दुसरं काही वाटून घेणं मला जमणार नाही. पीक्यू-१७च्या बर्फाळ पाण्यात गेलेल्या खलाशांना कुणी भोकं पाडून बाहेर काढलं नव्हतं. बारा-तेरा तास विमानात बसून, थंडीत, धापा टाकत आलेल्या त्या पोरांचं धैर्यही मला कमी करायचं नाही. पण ठोकण्याचा आवाज मला आरामशीनवरून ओळखीचा आहे. गोल लाकूड आतून पोकळ आहे का ते बघायला बाबा त्यावर हातोडीच्या दांड्यानं ठोकायचे आणि कान लावायचे. लोखंडाला कान लावून बसलेला, आतून आवाज येतोय की नाही ते ऐकणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढून जाईना. तो कुठल्या बाजूचा होता, हे त्या क्षणी विचारायचं सुचत नाही.

युद्ध संपल्यावर एका नॉर्वेजियन कंपनीनं ती नौका जागच्या जागी कापली. १९४८ ते १९५७, नऊ वर्षं. चिलखताचे काही पत्रे नॉर्वेच्या रस्ते खात्यानं घेतले, खोदलेल्या रस्त्यावर तात्पुरते टाकायला. त्यांच्यावरून गाड्या जात राहिल्या. ज्या वर्षी तिचे शेवटचे तुकडे निघाले त्या वर्षी कोफियोर्डची सगळीच झाडं अजून पूर्ववत झालेली नव्हती.

परत आल्यावर चंद्रपूरला गेले. आरामशीन बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. सागाची एक चकती मात्र घरात आहे, बाबांनी तिचा चहाचा पाट करून घेतलाय. टाचणी कधीची गंजून गेली, तिचा काळा ठिपका उरलाय. बाबांनी ऐंशी ओलांडली, डोळ्यांना दिसत नाही फारसं. त्यांना मी त्या जंगलाचं सांगितलं, नऊ वर्षांचं, धुराचं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'उभंच होतं ना ते?'

'हो बाबा. अजून उभं आहे.'

त्यांनी पाट मांडीवर ओढून घेतला. मी पाणी आणलं, चकतीवर मारलं. त्यांनी बोटानं चाचपत ठिपका शोधला आणि तिथून नख बाहेरच्या बाजूला सरकवलं, पुढच्या वलयाच्या कडेपर्यंत. १९४५. दोन कडांच्या मध्ये त्यांचं नख पुरतं बसलं.